आठ थाऊचा प्ले: १९६७ च्या एमजीबीच्या डिस्ट्रिब्युटरची पूर्ण केस

ही केस लिहायला गाडीच्या मालकांनी हो म्हणलंय, फक्त गाडी ओळखू येईल असं काही लिहू नकोस एवढंच त्यांचं म्हणणं, त्यामुळे नाव, नंबर, रंग काही नाही. बाकी जे झालं ते जसंच्या तसं लिहितोय, माझ्या चुका धरून. शीर्षकातला थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, आणि प्ले म्हणजे ढिलेपणा.

पार्श्वभूमी

गाडी १९६७ ची एमजीबी रोडस्टर, ब्रिटिश बनावटीची उघडी स्पोर्ट्स कार. १७९८ सीसीचं चार सिलिंडरचं बी-सिरीज इंजिन, दोन एसयू कार्बोरेटर, आणि वायरिंग अजून मूळचंच, म्हणजे पॉझिटिव्ह अर्थ, बॅटरीचं प्लस बॉडीला. हे आत्ताच सांगून ठेवतो कारण पुढे पर्याय निवडताना यावर बरंच अडलं. १९६७ च्या शेवटी मार्क टू आली तेव्हा एमजीबी निगेटिव्ह अर्थ झाली, ही त्याच्या आधीची.

डिस्ट्रिब्युटर, म्हणजे चारही सिलिंडरना वेळेवर स्पार्क वाटणारं यंत्र, लुकासचा २५डी४. बॉडीवरची काजळी पुसल्यावर ४०८९७ हा नंबर दिसला आणि त्याच्याजवळ बारीक अक्षरात १४ ६७, म्हणजे १९६७ च्या चौदाव्या आठवड्यात बनलेला. गाडीबरोबर आलेलाच डिस्ट्रिब्युटर असणार हे तिथेच जवळपास नक्की झालं. काकांना (मालकांना मी काकाच म्हणतो) हे दाखवलं तेव्हा ते जरा वेळ गप्पच उभे राहिले, मग म्हणाले, "म्हणजे हा आजवर कुणी बदललाच नाही?" बदलला नव्हता, पण उघडला मात्र बऱ्याच जणांनी होता.

ज्यांना हे यंत्र नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट इंजिनच्या निम्म्या वेगाने फिरतो, त्याच्या डोक्यावर चार कोपऱ्यांचा कॅम असतो, तो कोपरा पॉइंटच्या (कॉइलचा करंट जोडणारी-तोडणारी संपर्काची जोडी) टाचेला लागला की पॉइंट उघडतो आणि त्याच क्षणी कॉइलमधून स्पार्क निघतो. इंजिन ३००० आरपीएमला असेल तर पॉइंट सेकंदाला शंभर वेळा उघडतोय. उघडल्यावर गॅप किती, तर १४ ते १६ थाऊ, म्हणजे ०.३५ ते ०.४० मिलीमीटर. आता शाफ्टच जर बुशमध्ये (शाफ्ट ज्यात फिरतो ती धातूची नळी) आठ थाऊ इकडेतिकडे हलत असेल तर तुम्ही फिलर गेजने कितीही मन लावून गॅप लावा, इंजिन चालू झाल्यावर तो गॅप राहतच नाही. सगळी केस या एका वाक्यात आहे, पण तिथपर्यंत पोचायला या गाडीला दोन वर्षं लागली.

तक्रार काय होती

आयडलिंग डुलत होतं. ऐकताना इंजिन श्वास अडकल्यासारखं वाटायचं, दोन-तीन ठोके नीट मग एक खाली. साधारण २००० ते २५०० आरपीएमला, पाय हलका ठेवून चालवताना, गाडी मिसिंग मारायची आणि बारीक झटके द्यायची, पण पाय दाबला की त्यातली बरीच मिसिंग जायची. प्लग काळे. पेट्रोल जास्त पीत होती.

माझ्याकडे यायच्या आधी दोन वेळा कार्बोरेटर ओव्हरहॉल झाले होते, जेट, नीडल, थ्रॉटलचे शाफ्ट सगळं नवीन. प्रत्येक वेळी थोडे दिवस बरं वाटायचं मग परत तेच. मग कुणीतरी नवीन पॉइंट आणि कंडेन्सर टाकला, त्यावर गाडी तीन आठवडे छान चालली आणि परत बिघडली. काकांनी हा तीन आठवड्यांचा किस्सा सांगितला तेव्हा माझे कान टवकारले, कारण कार्बोरेटरचा दोष नवीन पॉइंटने तीन आठवडे लपत नाही.

तपासणी

आधी एक किरकोळ पण वेळ खाणारी गोष्ट. पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीला स्ट्रोब लाइट (दर स्पार्कला चमकून टायमिंगची खूण दाखवणारा दिवा) लावताना सवयीने काळा चिमटा बॉडीला लावला तर तो उलटा लागतो, इथे लाल चिमटा बॉडीला येतो. ड्वेल मीटरचंही (पॉइंट किती अंश बंद राहतो ते मोजणारा) तसंच. मी दर वेळी एकदा थांबून मोठ्याने म्हणतो, प्लस बॉडीला, आणि मगच लावतो.

व्हॅक्युमची नळी काढून बंद केली आणि पुलीवरच्या खाचेला पांढरा रंग लावून स्ट्रोब मारला. या इंजिनला स्टॅटिक टायमिंग (इंजिन बंद असताना लावलेला स्पार्कचा क्षण) टीडीसीच्या, म्हणजे पिस्टन सगळ्यात वर असतो त्या जागेच्या, आधी १० अंश आणि स्ट्रोबने ६०० आरपीएमला १४ अंश यायला पाहिजे. इथे खूण एका जागी थांबतच नव्हती, साधारण सहा अंशांच्या पट्ट्यात नाचत होती. मग स्ट्रोबचा पिकअप एक नंबरच्या वायरवरून काढून चार नंबरच्या वायरला लावला. एक आणि चारचे पिस्टन बरोबरच वर येतात, त्यामुळे पुलीवरची तीच खूण चारलाही चालते, आणि दोन्हीला टायमिंग सारखंच दिसायला पाहिजे. इथे चार नंबरला सरासरी चार अंशांचा फरक. ही तपासणी दोन मिनिटांची आहे, काही उघडावं लागत नाही, आणि आधीच्या कुणीच ती केली नव्हती याचं मला फार वाईट वाटलं, कारण दोन वर्षं तिथेच वाचली असती.

ड्वेल मीटरने आयडलला ६२ च्या आसपास दाखवलं, तेही डुलत, आणि २५०० ला ५५. पुस्तकात ६० अंश, तीन इकडे तीन तिकडे. वेग वाढवल्यावर दोन-तीन अंशांपेक्षा जास्त सरकलं की मी शाफ्टवर संशय घेतो, इथे सात. आणि ड्वेल एक अंश सरकलं की क्रँकवर टायमिंगही साधारण एक अंश सरकतं. हा सातचा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग कॅप काढून रोटर (शाफ्टच्या डोक्यावरचा, स्पार्क वाटणारा फिरता तुकडा) दोन बोटांत धरून आडवा हलवला. हाताला कळत होतं. डायल गेज लावला तर कॅमच्या उंचीला आठ थाऊ, ०.२ मिलीमीटर. गॅपच्या निम्मं.

व्हॅक्युम युनिटच्या नळीला तोंड लावून ओढलं तर हवा सरळ येत राहिली, म्हणजे डायफ्रॅम फाटलेला. पाय हलका असतानाचा सगळा व्हॅक्युम अ‍ॅडव्हान्स (इंजिनच्या ओढीने स्पार्क लवकर पाडणं) गायब, शिवाय त्या फाटलेल्या जागेतून मागच्या कार्बोरेटरला फुकटची हवा मिळतेय. आत बघितलं तर प्लेटला अर्थ देणारी विणलेली बारीक वायर तुटायला आलेली, तीन-चार तंतूंवर लटकत होती, आणि पॉइंटकडे जाणारी वायर बॉडीतून आत येते तिथे तिचं कापडी आवरण चिरलं होतं.

पहिला निर्णय: दोष नक्की डिस्ट्रिब्युटरचाच का?

इथे मी मुद्दाम थांबलो. खूण नाचते याचं कारण ढिली टायमिंग चेन पण असू शकतं, किंवा डिस्ट्रिब्युटर फिरवणारा गिअर झिजलेला असू शकतो. तसं असेल तर डिस्ट्रिब्युटर सोन्याचा करून बसवला तरी खूण नाचणारच. आठ थाऊ समोर दिसत असताना थांबणं अवघड जातं, हात शिवशिवत असतात.

ओळखीच्या एकाकडे दुसरी एमजीबी आहे, तिचा २५डी४ चांगल्या अवस्थेतला. तो अर्ध्या तासासाठी मागून आणला. बसवायला सोपा, खालचा डॉग (शाफ्टला इंजिनशी जोडणारा तुकडा) मध्यापासून जरा बाजूला सरकवलेला असतो त्यामुळे तो एकाच प्रकारे बसतो. टायमिंग लावलं, स्ट्रोब मारला, आणि खूण दगडासारखी उभी. एक आणि चारमध्ये अंशाचाही फरक नाही. इंजिन निर्दोष, चेन निर्दोष, गिअर निर्दोष. त्या अर्ध्या तासाने पुढचं सगळं काम निश्चिंतपणे करता आलं, आणि या केसमधला सगळ्यात चांगला निर्णय कुठला विचाराल तर मी हाच सांगेन.

कुठले पर्याय होते

काकांचा पहिला कल आतल्या पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल बसवायचा होता. कल्पना वाईट नाही, पॉइंटची झीज संपते, गॅप लावायची कटकट संपते, आणि शाफ्टच्या आडव्या हलण्याचा त्रास पॉइंटपेक्षा कमी होतो. पण कमी होतो, जात नाही. शाफ्ट ढिला तो ढिलाच, वरच्या प्लेटचं डुगडुगणं तसंच, फाटलेला डायफ्रॅम तसाच, आतल्या वेट (वेग वाढला की बाहेर सरकून स्पार्क लवकर पाडणारी वजनं) आणि स्प्रिंग कुठल्या अवस्थेत आहेत ते माहीत नाही. शिवाय मॉड्यूल पॉझिटिव्ह अर्थवालंच घ्यायला हवं, निगेटिव्हचं लावलं तर क्षणात जळतं. मग गाडीच निगेटिव्ह अर्थ करू असाही विषय निघाला, पण त्यासाठी कॉइलच्या वायर, टॅकोमीटर सगळ्यात हात घालावा लागतो आणि काकांना ते नको होतं. मी त्यांना म्हणलं, "काका, मॉड्यूल नंतर कधीही टाकता येईल, पण ढिल्या शाफ्टवर टाकलं तर आपण दोष झाकू, काढणार नाही."

दुसरा पर्याय नवीन बनावटीचा, २५डी४ सारखा दिसणारा अख्खा डिस्ट्रिब्युटर. एका दिवसात काम संपलं असतं. माझी अडचण अशी की असे डिस्ट्रिब्युटर बऱ्याचदा एकाच अ‍ॅडव्हान्स कर्व्हवर (कुठल्या वेगाला स्पार्क किती आधी पडतो त्याचा आलेख) बरीच वेगवेगळी इंजिनं भागवतात. ४०८९७ चा कर्व्ह या इंजिनसाठी ठरवलेला आहे, वेटचा अ‍ॅडव्हान्स क्रँकवर २० अंश आणि तो २२०० आरपीएमच्या आसपास पुरा, व्हॅक्युमचा वर आणखी २०. तो सोडून भलताच कर्व्ह का घ्यायचा?

कर्व्ह निवडता येणारा पूर्ण इलेक्ट्रॉनिक डिस्ट्रिब्युटर हा तिसरा पर्याय, तांत्रिकदृष्ट्या बहुतेक सगळ्यात नेमका, आणि गाडी रोज लांब चालवणारा मालक असता तर मी तोच सुचवला असता. पण ही गाडी मूळ स्वरूपात ठेवलेली आणि १४ ६७ हा शिक्का बघितल्यावर काकांनी तो विषयच संपवला. जुना दुसरा २५डी४ शोधणं म्हणजे आपल्यासारखाच म्हातारा, फक्त अनोळखी, त्यामुळे ते मी सुचवलंच नाही.

राहिली दुरुस्ती. ती शक्य आहे की नाही हे एका मोजमापावर अवलंबून होतं, झीज बुशची आहे की शाफ्टची? बुश बदलता येतो, पण शाफ्ट झिजला असेल तर नव्या बुशमध्ये पण तो ढिलाच बसणार. म्हणून काकांना एवढंच सांगितलं की उघडून शाफ्ट मोजतो, चांगला निघाला तर दुरुस्ती, नाहीतर परत बोलू.

काय केलं

बाहेर काढताना ब्लॉकला धरून ठेवणारे दोन बोल्ट काढले, क्लॅम्पचा पिंच बोल्ट हलवला नाही, म्हणजे परत लावताना टायमिंग जवळपास तिथेच येतं. एक नंबरचा पिस्टन टीडीसीला आणून रोटर कुठे बघतोय त्याचा फोटो काढला.

खाली डॉगला धरून ठेवणारी पिन असते, तिची दोन्ही टोकं ठोकून फुगवलेली. एक टोक कानशीने घासून सपाट केलं, बॉडी लाकडी ठोकळ्यावर नीट टेकवून पंचने पिन बाहेर काढली. घाईत इथे डॉगचा कान तुटतो, म्हणून ठोकळ्याला आधी पिन पडायला भोक पाडलं होतं. शाफ्ट वर ओढला तर त्याच्याबरोबर काळं, मधासारखं घट्ट झालेलं तेल आलं, त्यात बारीक सोनेरी चमक. ती चमक म्हणजे बुश. बोटावर घेऊन उन्हात धरली तर स्पष्ट दिसत होती, पन्नास वर्षांत बुश असा कणाकणाने तेलात उतरलाय.

शाफ्ट मायक्रोमीटरने चार ठिकाणी मोजला. जिथे कधीच घासत नाही तिथलं आणि बुशच्या वरच्या टोकाला घासतं तिथलं माप यात अर्ध्या थाऊचा फरक. म्हणजे जवळपास सगळी झीज बुशची. दुरुस्ती नक्की.

नवा बुश सच्छिद्र ब्राँझचा असतो, त्याच्या छिद्रांत तेल भरून राहतं आणि तेच शाफ्टला आयुष्यभर पुरवतं. बसवायच्या आधी तो पातळ इंजिन ऑइलमध्ये २४ तास बुडवायचा, किंवा १०० अंश सेल्सिअसच्या तेलात दोन तास. मी २४ तासवाला रस्ता घेतला, मध्ये मध्ये जाऊन बघायचो, बारीक बुडबुडे येत होते.

बुश दाबून बसवायला खांद्याचा मँड्रेल (बुश ज्यावर चढवून दाबतात तो दांडा) लागतो, त्याचा पुढचा भाग पॉलिश केलेला आणि शाफ्टपेक्षा अर्धा थाऊ जाड, म्हणजे बुश दाबताना आत आवळला तरी त्या मापाच्या खाली जात नाही. हा मँड्रेल लेथवर काम करणाऱ्या मित्राने करून दिला. तो म्हणाला, "एवढं कशाला, बुश दाबून टाक, मी रीमर फिरवून देतो, दोन मिनिटांचं काम." साध्या ब्राँझच्या बुशला त्याचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे, तो तीस वर्षं तेच करतोय. पण सच्छिद्र बुशमध्ये रीमर (भोक मापात कापणारं हत्यार) फिरवला की धातू पसरून छिद्रांची तोंडं बुजतात, मग तेल बाहेर येणार कुठून, बुश कोरडा पडतो आणि लवकर मरतो. त्याला भिंगाखाली बुशचा पृष्ठभाग दाखवला, तेव्हा त्याने मँड्रेल पुन्हा मन लावून पॉलिश करून दिला. शाफ्ट घातला तर बोटाने फिरतोय, आडवा हलत नाही, आणि सोडला की स्वतःच्या वजनाने सावकाश खाली उतरतोय.

बाकीचं पटकन सांगतो. पॉइंटची प्लेट नवीन, कारण वरची जुनी डुगडुगत होती आणि व्हॅक्युमने ओढली की गॅप बदलत होता. व्हॅक्युम युनिट नवीन, त्यावर ५-१३-१० हाच शिक्का बघून घेतला, म्हणजे ५ इंच मर्क्युरीला सुरुवात, १३ ला पूर्ण, आणि डिस्ट्रिब्युटरचे १० अंश, क्रँकवर २०. अर्थची विणलेली वायर आणि पॉइंटची वायर दोन्ही नवीन, मऊ बारीक तंतूंच्या, जाड वायर टाकली तर प्लेटला हलू देत नाही. वेटच्या पिना घासून स्वच्छ, हलकं तेल. स्प्रिंग धुतल्या, बघितल्या, परत लावल्या. इथे एक चूक झाली, ती पुढे येतेच.

दुसरा निर्णय: रोटर उलटा बघतोय

जोडून इंजिनवर बसवला तर रोटर एक नंबरच्या बरोबर उलट्या दिशेला, १८० अंश चुकलेला. डॉगवर आणि शाफ्टवर मी मार्करने खुणा केल्या होत्या, पण त्या पेट्रोलने धुताना पुसल्या गेल्या आणि मी डॉग उलटा बसवला असं मला वाटलं. सोपा उपाय समोर होता, कॅपवरच्या चारही वायर अर्धा फेरा फिरवून लावायच्या, गाडी अगदी व्यवस्थित चालते, कुणाला कळत पण नाही.

नाही केलं. उद्या दुसरा कुणी पुस्तक बघून टायमिंग लावायला बसला तर त्याला सगळंच उलटं दिसेल, आणि मग तो जे काय करेल त्याचा मूळ दोष माझा. पिन परत काढायला पंच हातात घेतला तेव्हा लेथवाला मित्रच म्हणाला, "वरचा तो कॅम पण दोन्ही बाजूंनी बसतो ना रे?" बसतो! कॅम वेटवर दोन्ही प्रकारे अडकतो, रोटरखालचा स्क्रू काढायचा, स्प्रिंग सोडवायच्या, अर्धा फेरा, परत लावायचा. फोटो ताडून बघितले तर डॉग बरोबरच होता, उलटा बसवला होता तो कॅम. दहा मिनिटांत सरळ झालं. पंच मारला असता तर चांगल्या ठोकलेल्या पिनची वाट लावून बसलो असतो.

पहिली चाचणी, आणि लपलेला दुसरा दोष

पॉइंट १५ थाऊ, ड्वेल ६० आणि तिथेच ठाम. २५०० ला ५९. एक आणि चारमध्ये एका अंशापेक्षा कमी फरक. आयडलिंग इतकं शांत की काका बॉनेटवर तळहात ठेवून उभे राहिले. मग ते एक चक्कर मारून आले, मी कौतुकाची वाट बघत होतो, आणि ते म्हणाले, "मिसिंग गेली, आयडलिंग सुरेख, पण खरं सांगू का, आधीपेक्षा मरगळलीय. दोन हजारच्या पुढे ओढत नाही."

आधी मला पटलं नाही. मग व्हॅक्युमची नळी काढून बंद केली आणि २५०० ला स्ट्रोब मारला. १० स्टॅटिक आणि २० वेटचे मिळून ३० च्या आसपास यायला पाहिजेत, येत होते २२. म्हणजे वेट पूर्ण उघडतच नव्हत्या.

परत उघडलं. २५डी४ मध्ये दोन स्प्रिंग असतात, एक नाजूक आणि एक जाड. जाड स्प्रिंगचा फासा मुद्दाम लांबट असतो, इंजिन बंद असताना ती ढिली लोंबत असते. कारण सुरुवातीला फक्त नाजूक स्प्रिंगने काम करायचं, अ‍ॅडव्हान्स भराभर वाढायचा, आणि मग ढील संपली की जाड स्प्रिंगने सूत्रं हातात घेऊन ती वाढ आवरायची. या गाडीत कुणीतरी पूर्वी ती ढिली स्प्रिंग बघून ती ताणली गेलीय असं समजून पक्कडने तिचा फासा चिमटून आखूड केला होता. फाशावर पक्कडच्या दातांचे वळ स्पष्ट होते. मी धुताना ती हातात घेतली होती, वळ दिसले पण होते, आणि गंज काढताना कुणीतरी धरली असेल असं मनाशी म्हणून पुढे गेलो होतो.

आता सातचा तो आकडा आठवा. वेग वाढला की ढिला शाफ्ट एका बाजूला रेलत होता, गॅप मोठा होत होता, ड्वेल ६२ वरून ५५ वर येत होतं, आणि त्यामुळे टायमिंग आपोआप सातएक अंश पुढे जात होतं. स्प्रिंगमुळे कमी पडणारे अंश झिजलेला बुश भरून काढत होता! एक दोष दुसऱ्याला झाकून होता, मी पहिला काढला आणि दुसरा उघडा पडला. काकांचा हात आणि कान माझ्या समजुतीपेक्षा जास्त खरं बोलत होते.

चिमटलेला फासा परत उघडायचा मोह झाला, पण एकदा वाकवलेल्या तारेचा फासा मापात आणणं म्हणजे अंदाजपंचे. संचात मिळणाऱ्या स्प्रिंग पण नको होत्या, त्या नेमक्या कुठल्या कर्व्हच्या ते कळत नाही. बॉडी फुटलेला एक ४०८९७ भंगारातून मिळाला, त्याची जाड स्प्रिंग शाबूत होती, फासा लांब, वळ नाहीत. ती लावली.

निकाल

या वेळी दर ५०० आरपीएमला स्ट्रोब मारून आकडे वहीत लिहिले. ६०० ला १४ अंश, आणि २५०० ला ३० च्या अंशभर आत. नाजूक स्प्रिंगच्या टप्प्यात चढ भराभर, मग सावकाश, जसा असायला हवा तसा. त्यानंतरच कार्बोरेटरला हात लावला. आधीच्या लोकांनी मिसिंग घालवायला मिक्श्चर फार जाड (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त) करून ठेवलं होतं, दोन्ही जेट बऱ्यापैकी वर घ्यावे लागले, आणि आठवड्याभरात प्लग काळ्याचे तपकिरी झाले.

बाराव्या दिवशी गाडी तापल्यावर रस्त्यात बंद पडली. माझ्या पोटात गोळा आला. कॅप काढून कॉइलची जाड वायर इन्सुलेटेड पकडीत धरून रोटरच्या पितळी पट्टीजवळ नेली (आसपास पेट्रोलचा वास नाही ना हे आधी बघून) आणि स्टार्टर मारला, तर वायरपासून पट्टीवर टपाटप स्पार्क. तसा पडायला नको, पडला याचा अर्थ रोटरचं प्लास्टिक आतून फुटून करंट शाफ्टवाटे बॉडीत जातोय. सगळं नवीन टाकायच्या भरात मी चांगला जुना रोटर काढून नवीन काळा, रिव्हेटवाला टाकला होता. जुना परत लावला, गाडी पहिल्या सेल्फला चालू. पुढे रिव्हेट नसलेला चांगला रोटर मागवला.

आता आठ महिने झाले. ड्वेल मधल्या काळात दोनदा बघितलं, ६० आणि ६१. पॉइंटची टाच नेहमीसारखी घासते, म्हणून कॅमला अगदी थोडं ग्रीस, रोटरखालच्या फेल्टला दोन थेंब तेल आणि प्लेटच्या भोकातून वेटला दोन थेंब असा नेम काकांनी स्वतः लावून घेतलाय. तेल कॅमवर उडून पॉइंटला लागू द्यायचं नाही एवढं मात्र बघावं लागतं.

परत करायचं झालं तर

कर्व्ह. उघडायच्या आधी प्रत्येक ५०० आरपीएमला अ‍ॅडव्हान्स मोजून लिहून ठेवायला हवा होता. खूण नाचत असल्यामुळे नेमका आला नसता, पण उसना डिस्ट्रिब्युटर गाडीवर होता त्या अर्ध्या तासात त्याचा तरी मोजता आला असता, आणि मग स्प्रिंगचे ते वळ मी सोडून दिले नसते. आठ थाऊ सापडले या आनंदात मी बाकीचं बघायचं थांबवलं, हे खरं कारण.

खुणा मार्करने नाही, सेंटर पंचने. आणि फोटो प्रत्येक पायरीला, कॅम काढायच्या आधीचा तर नक्कीच.

रोटर आणि कॅप चालत असतील तर त्या बदलायच्या नाहीत, किंवा बदलायच्या तर एका वेळी एकच आणि जुनं गाडीतच ठेवायचं. त्या बाराव्या दिवशी जुना रोटर डिकीत नसता तर गाडी ओढत आणावी लागली असती, आणि मी बहुतेक परत बुशलाच दोष देत बसलो असतो.

बुशच्या बाबतीत, रीमर न लावण्यात आणि दुरुस्तीच करण्यात मी काही बदलणार नाही. फक्त शाफ्टवरचा तो अर्ध्या थाऊचा फरक मला अजून थोडा टोचतो. आत्ता तो कुठेच दिसत नाही, ड्वेलमध्ये नाही, स्ट्रोबमध्ये नाही. तरी काकांना सांगून ठेवलंय की दर सहा महिन्यांनी एक नंबर आणि चार नंबरच्या वायरवर स्ट्रोब मारून दोन्ही आकडे त्याच वहीत लिहायचे, आणि फरक दोन अंशांवर गेला की गाडी घेऊन या.